कंपनीचें दप्तर कोणाच्या घरीं?

‘कंपनी’ हा शब्द आमच्या डोंगरी मुलखानें पहिल्यानें ऐकला तो ‘कंपनी सरकार’ या नांवानें. १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर कंपनी सरकारानें घेतलें, बदल्यांत खंडाळा गांव दिलें, आणि माल्कम साहेबाच्या नांवानें येथें पेठ वसली. त्या तहाचा कागद येथल्या गुराख्यानें वाचला नव्हता. त्याला वाचतां येतच नव्हतें. आज दोनशें वर्षें होत आलीं, आणि त्याच डोंगरावर ‘कंपनी’ हा शब्द पुन्हां घरोघर ऐकूं येतो. पण आतां ती कंपनी आपल्याच पोराची असते. भिलार, मेटगुताड, राजपुरी, खिंगर, कोठेंहि जा. स्ट्रॉबेरीच्या बागाइतदाराचा मुलगा जॅम, जेली, सरबत करूं लागला आहे व दुकानाच्या फळीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हीं अक्षरें रंगवूं लागला आहे.

आम्हांला याचा आनंदच वाटतो. शेतकऱ्यानें फळ पिकवावें, पडत्या भावानें विकावें, आणि तेंच बाटलींत भरून दुसऱ्यानें चौपट किंमत घ्यावी, हा न्याय किती दिवस चालणार? खुद्द जोतीराव फुले हे पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे भागीदार होते व बांधकामाचीं कंत्राटें घेत, हें आमच्यांतले पुष्कळ लोक विसरतात. धंदा करणें हें कांहीं एका जातीचें वतन नव्हे. तेव्हां ‘शेतकऱ्याच्या पोरानें कंपनीच्या फंदांत पडूं नये’ असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हों. आमची तक्रार निराळी आहे. १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना जोतीरावांना जें दुःख होतें त्यांतला मोठा वांटा हा कीं, कष्ट शेतकऱ्याचे आणि कागद दुसऱ्याच्या हातांत. कुळकर्ण्याचें दप्तर गेलें; पण त्या जागीं एजंटाचा संगणक आला, आणि आमचा माणूस पूर्वीं जसा न वाचतां अंगठा उठवीत असे, तसाच आज न वाचतां मोबाइलवरचा ओटीपी सांगून मोकळा होतो.

आमच्या शाळेंत शिकलेल्या एका बागाइतदाराची हकीकत सांगतों; नांव-गांव सांगत नाहीं. एकरभर स्ट्रॉबेरी, घरांत कर्तीं माणसें, बायकोच्या हाताला जॅमची चव. एका एजंटानें त्यास सांगितलें, “दादा, कंपनी काढा, अनुदान मिळेल, कर्ज मिळेल, आणि कर तर शेतकऱ्याला नसतोच.” नवरा-बायको दोघें डायरेक्टर झालीं. प्रमाणपत्र आलें, तें चौकटींत बसवून देव्हाऱ्याशेजारीं लावलें. दोन हंगाम जॅम विकला, नफा बेताचाच. तिसऱ्या वर्षीं कर्जासाठीं बँकेनें कंपनीचे हिशेब मागितले, तेव्हां कळलें कीं एकहि वार्षिक अर्ज भरलेला नाहीं. कंपनी कायद्याप्रमाणें दर वर्षीं हिशेबपत्रकांचा एक व वार्षिक विवरणाचा एक असे दोन अर्ज निबंधकाकडे जावे लागतात. उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागें रोज १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाहीं. चारशें दिवसांचा उशीर म्हणजे एकाच वर्षाच्या दोन अर्जांचे ८०,००० रुपये! दोन्ही हंगामांत मिळून त्याच्या हातीं एवढें राहिलें नव्हतें. आमच्या ओटीवर बसून तो म्हणाला, “गुरुजी, मी कर बुडवला नाहीं हो, मला कोणीं मागितलाच नाहीं.”

या एका वाक्यांत सगळा घोटाळा आहे. शेतसाऱ्यासाठीं तलाठी दारीं येत असे, वीजबिल घरीं येतें; म्हणून देणें असलें कीं कोणी तरी मागायला येतोच, अशी आमच्या घरांची समजूत. कंपनीचा कर कोणी मागायला येत नाहीं. तो आपण होऊन मोजायचा, आपण होऊन भरायचा, आणि भरण्याजोगा नसला तर ‘नाहीं’ असें मुदतींत लिहून द्यायचें. मागायला येतात तेव्हां तो कर नसतो, दंड असतो.

कायद्याच्या दृष्टीनें कंपनी हें एक निराळें माणूस आहे. तिचा पॅन निराळा, बँकेचें खातें निराळें, हिशेब निराळा. शेतकऱ्याच्या घरीं जन्मली म्हणून ती शेतकरी होत नाहीं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, ही गोष्ट १८८६ च्या कायद्यापासून चालत आलेली. १९६१ च्या कायद्यांत ती होती, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यांतहि तेंच तत्त्व ठेवलेलें आहे. पण सवलत आहे ती शेतीच्या उत्पन्नाला. स्ट्रॉबेरी तोडली, निवडली, पेटींत भरून वाशीच्या बाजारांत धाडली, तें शेतीचें उत्पन्न. कारण माल बाजारांत नेण्याजोगा करण्यासाठीं कोणताहि शेतकरी एवढें करतोच. रोपवाटिकेंत रोपें वाढवून विकणाऱ्याचें उत्पन्नहि शेतीचेंच धरतात. मात्र तेंच फळ कढईंत गेलें, साखर पडली, बाटली बंद झाली, कीं पुढचा नफा धंद्याचा. त्यावर कर आहे.

येथें एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे, आणि ती वाचकांनीं सावकाश वाचावी अशी आमची विनंति आहे. स्वतःच्या शेतांतलें फळ स्वतःच्याच धंद्यांत वापरलें, तर त्या फळाचा बाजारभाव धंद्याच्या नफ्यांतून वजा करतां येतो. तेवढा भाग शेतीचा. धंदा कंपनीच्या नांवें असेल तर कंपनीनें तें फळ तुमच्याकडून रीतसर विकत घेतलें पाहिजे: वजन, भाव, तारीख, पावती, आणि पैसे बँकेंतून. आमचे लोक येथेंच फसतात. “आपलीच बाग, आपलीच कंपनी, पावती कसली फाडायची?” असें म्हणतात. आतां हिशेब करूं. कंपनीनें १० लाखांचा जॅम विकला. साखर, बाटल्या, गॅस, मजुरी मिळून ५ लाख गेले. घरच्या बागेंतलें ३ लाखांचें फळ कढईंत पडलें, पण पावती नाहीं. कागदावर नफा ५ लाख दिसतो आणि कंपनीस त्यावर सुमारें सव्वा लाख रुपये कर पडतो. पावती असती तर नफा २ लाख व कर सुमारें पन्नास हजार. फळाचे ३ लाख शेतकऱ्याच्या हातीं शेतीचें उत्पन्न म्हणून गेले असते. एका पावतीपुस्तकावांचून पाऊण लाख गेले, आणि गेले ते कशावर? शेतीच्या उत्पन्नावर, ज्यावर कायद्यानें कर नाहीं! भाव मात्र त्या दिवसाचा बाजारभावच लावावा. घरच्या माणसाला फुगवून दिलेला भाव अधिकारी मान्य करीत नाहींत.

कंपनीस दर कोणता, हेंहि काढण्यापूर्वीं पाहावें. सवलतीचा पर्याय वेळेवर अर्ज करून घेतला तर मूळ दर २२ टक्के, आणि अधिभार व उपकर धरून २५ टक्क्यांच्या किंचित् वर. पर्याय न घेतला तर लहान कंपनीस २५ टक्के व वर उपकर. हा कर पहिल्या रुपयापासून आहे. भागीदारीच्या पेढीला तर ३० टक्के व उपकर, तोहि पहिल्या रुपयापासून. उलट एकट्यानें स्वतःच्या नांवावर धंदा केला, तर नव्या पद्धतींत २०२५-२६ या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट धरून धंद्याच्या नफ्यावर कर शून्य. शिवाय उलाढाल २ कोटींच्या आंत असली तर विक्रीच्या ८ टक्के, बँकेंतून आलेल्या पैशांवर ६ टक्के, एवढा नफा धरून विवरण देण्याची मुभा एकट्याला आहे, कंपनीला नाहीं. म्हणजे ४ लाखांचा नफा एकाच कढईंतून निघाला, तरी बाई आपल्या नांवावर धंदा करील तर कर नाहीं, आणि तीच ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होईल तर एक लाखाच्या वर. कंपनीनें काम करणाऱ्या डायरेक्टरास पगार दिला तर तो खर्चांत धरतात हें खरें. पण तो ठराव करून, बँकेंतून द्यावा. वर्ष संपल्यावर सीएनें मागितला म्हणून मागल्या तारखेचा ठराव लिहिणें हा शहाणपणा नव्हे.

आतां जीएसटी. शेतकरी आपल्या जमिनींतलें पीक विकतो त्यास नोंदणी लागत नाहीं. ताज्या स्ट्रॉबेरीवर हा कर नाहीं. जॅम व जेलीवर तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. मधाचेंहि असेंच: सुटा विकला तर कर नाहीं, वजन व लेबल लावून बंद बाटलींत विकला तर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के, मांघरच्या व आसपासच्या मधपाळांनीं हें ध्यानांत ठेवावें. नुसता माल विकणाऱ्यास महाराष्ट्रांत वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ति नाहीं. तेव्हां काठ्या करणारा सुतार, चपला शिवणारा चांभार, चणे भाजणारा भडभुंजा, यांनीं कोणी भीति घातली म्हणून लगेच नोंदणीला धांवूं नये. पण कंपनीवाल्यांनीं दोन खाचा पाहाव्यात. पहिली ही कीं, ४० लाख मोजतांना करमाफ मालहि मोजतात. कंपनीनें ३५ लाखांचीं ताजीं फळें विकलीं व १० लाखांचा जॅम विकला, तर बेरीज ४५ लाख होऊन नोंदणी लागते, जरी कर फक्त जॅमवर असला. दुसरी ही कीं, गिऱ्हाईक दुकानांत आलें, पैसे दिले, बाटली पिशवींत टाकून गेलें, तर ती विक्री येथलीच. तीच बाटली मागाहून पार्सलनें सुरतेस धाडली तर ती परराज्यांतली विक्री, आणि तिला ४० लाखांची सवलत नाहीं. मे महिन्यांत येऊन गेलेल्या पाहुण्यानें दिवाळींत सहा बाटल्या मागविल्या, आणि आम्हीं हौसेनें धाडल्या, कीं नोंदणी आवश्यक झाली. शेजारीं दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानें देणाऱ्या कंपनीस तर ४० नव्हे, २० लाखांचीच मर्यादा.

नोंदणी झाल्यावर दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एकरकमी पद्धत घेतां येते: माल करणारानें उलाढालीवर १ टक्का भरावा, गिऱ्हाइकाकडून कर घेऊं नये, परराज्यांत विकूं नये. बाटल्या-यंत्रांवर भरलेला कर वजा मिळत नाहीं, पण कागद थोडे. आइस्क्रीम करणारास मात्र ही पद्धत नाहीं. स्ट्रॉबेरी-आइस्क्रीमच्या गाड्याला कायद्यानें एवढें मोठें कां मानलें, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.

बाकीचीं देणीं लहान, पण विसरलीं कीं मोठीं होतात. शेड बांधायला मिस्त्रीस दोन लाखांचें काम दिलें. लहान धंदेवाईक सगळे पैसे त्याच्या हातीं ठेवून मोकळा होतो, पण कंपनीनें त्यांतला १ टक्का कापून पुढल्या महिन्याच्या ७ तारखेच्या आंत सरकारांत भरायचा. एकेरी काम ३०,००० रुपयांच्या वर गेलें कीं हा नियम लागला. न पाळला तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग हिशेबांतून उडतो. व्यवसायकर महाराष्ट्रांत कंपनीस वर्षाला २,५०० रुपये. पुरुष कामगाराचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला तर त्याचाहि व्यवसायकर कापायचा. बायांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे. वर्षाचा आयकर १०,००० च्या वर जाणार असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च अशा चार हप्त्यांनीं आगाऊ भरायचा. आमचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पहिला हप्ता पावसाच्या तोंडावर, जेव्हां घरांतला पैसा रोपांत व बियाण्यांत गेलेला असतो! सीएकडून हिशेब-तपासणी कंपनीला सुटत नाहीं, विक्री एका रुपयाची असो कीं कोटीची. आणि विवरण ३१ ऑक्टोबरच्या आंत भरलेंच पाहिजे, तोटा असला तरी. किंबहुना तोटा असला तर अधिक घाईनें. अवकाळी पावसानें हंगाम बुडाला व विवरण मुदतींत दिलें, तर तो धंद्याचा तोटा पुढें आठ वर्षें नफ्यांतून वजा होतो. मुदत चुकली कीं तोटा आपला आणि वजावट गेली.

याहून मोठा धोका गल्ल्याचा आहे. आमच्या घरांत शेतीचा पैसा, दुकानाचा पैसा, म्हशीच्या दुधाचा पैसा, सगळा एकाच डब्यांत. कंपनी झाल्यावर दुकानाचा पैसा डायरेक्टराचा नसतो, कंपनीचा असतो. मुलीच्या लग्नाला कंपनीच्या खात्यांतून तीन लाख काढले, मनांत म्हटलें ‘पुढल्या हंगामांत घालूं’, तर कायदा तो मोठ्या भागधारकास वांटलेला लाभांश समजूं शकतो व त्याच्या हातीं त्यावर कर लावतो. कंपनीनें आपल्या नफ्यावर कर भरलेला असतोच. उलट, भावाकडून कंपनीसाठीं २०,००० किंवा अधिक रोख उसने घेतले, तर घेतले तेवढाच दंड! भावाभावांतला विश्वास कायद्याला दिसत नाहीं. त्याला बँकेची नोंद दिसते.

कोणी विचारील, मग शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचें काय? वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ सालीं कंपनी कायद्यांत ही सोय झाली. दहा शेतकरी मिळून ती काढतां येते, आणि एकट्या-दुकट्या कंपनीपेक्षां ती आम्हांस शतपटीनें प्रिय आहे. पण तिच्या करमाफीविषयीं अजून जुनेंच सांगणारे फिरतात. १०० कोटींखालच्या उत्पादक कंपनीस सभासदांचा माल विकण्याच्या व प्रक्रियेच्या नफ्यावर पूर्ण वजावट होती. कलमांत लिहिलेली तिची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षापर्यंतची. ज्यांनीं २०२४ नंतर ‘पांच वर्षें कर नाहीं’ असें ऐकून सह्या केल्या त्यांनीं आपला कागद पुन्हां तपासून घ्यावा. सभासदांचा शेतमाल विकणाऱ्या सहकारी संस्थेला निराळी वजावट आहे, पण विजेवरच्या यंत्रानें प्रक्रिया केली कीं प्रक्रियेच्या नफ्याला ती लागत नाहीं. आजकाल हातानें जॅम ढवळतो कोण?

तर मग कंपनी काढावी कीं नाहीं? दहा-वीस बागाइतदार एकत्र येत असतील, शीतगृह बांधायचें असेल, माल परदेशीं धाडायचा असेल, बुडालें तर घर-जमीन त्यांत जाऊं नये अशी इच्छा असेल, तर अवश्य काढावी. तेथें हा सगळा खर्च वसूल होतो. (बँकेनें डायरेक्टराची स्वतःची हमी लिहून घेतली, तर तेवढ्या कर्जापुरती घर-जमीन पुन्हां गुंतलीच, हेंहि सही करण्यापूर्वीं वाचावें.) पण फळीवर नांव शोभतें म्हणून, किंवा अनुदानासाठीं ती लागतेच असें कोणीं सांगितलें म्हणून काढूं नये. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेंत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तींत जास्त १० लाख, अनुदान ठेवलें तें एकट्या उद्योजकालाहि खुलें होतें. कंपनीची अट नव्हती. ती आहे असें सांगून किती घरांकडून नोंदणीची फी घेतली गेली असेल!

आणि काढलीच तर दप्तर घरीं ठेवावें. डिजिटल सहीची काडी एजंटाच्या खणांत नसावी. आयकर, जीएसटी व कंपनी-निबंधक या तिन्ही ठिकाणीं आपलाच मोबाइल व आपलाच ईमेल नोंदलेला असावा, म्हणजे नोटीस आली तर ती आपल्या हातीं येईल. भरलेल्या प्रत्येक अर्जाची पोंच मागून घ्यावी. ‘भरलें’ हा शब्द पोंच नव्हे. घरांत दहावी-बारावी झालेली सून किंवा मुलगी असेल तर वही तिच्याकडे द्यावी. आमच्या अनुभवांत ती पुरुषांपेक्षां नीट लिहिते, कारण चहाच्या टपरीवर बसून तिचा हिशेब तोंडीं होत नाहीं.

वर सांगितलेल्या गृहस्थानें दागिने गहाण ठेवून राहिलेले अर्ज भरले. तीन वर्षें सलग न भरतां तो डायरेक्टर म्हणून पांच वर्षें अपात्र ठरला असता, तेवढें टळलें. मग कंपनी बंद करण्याचा अर्ज दिला. जॅमचा धंदा आतां त्याच्या बायकोच्या नांवावर, एकरकमी पद्धतीनें चालतो. बागेंतून फळ आलें कीं ती तराजूवर घालते आणि नवऱ्याच्याच नांवानें पावती फाडते. गेल्या पंधरवड्यांत आम्ही त्यांच्या घरीं गेलों तेव्हां ती फोनवर सीएच्या कारकुनाला विचारीत होती कीं, गेल्या तिमाहीचे पैसे भरल्याला बारा दिवस झाले, तर पोंच अजून कां आली नाहीं.